फवाऱ्याला न सापडलेली गळती

गाडी जुनी, कार्बोरेटरची. तक्रार अशी की उभी असताना रेस वरखाली होते, मध्येच बंद पडते, पण पळवली की कुरकुर नाही. आमच्याकडे यायच्या आधी प्लग, पॉइंट, कार्बोरेटरची सफाई सगळं झालं होतं. मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू तर इतका फिरवलेला, की त्याची खाच झिजली होती.

त्रास फक्त आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, म्हणून संशय हवेच्या गळतीवर गेला. थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असताना मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातला, व्हॅक्यूम जोरदार असतो; फट दिसेल तिथून हवा आत ओढली जाते आणि तिच्या वाट्याचं पेट्रोल मिळालेलंच नसतं. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम उतरतो आणि तेवढी गळती खपून जाते.

व्हॅक्यूम मोजायचा गेज लावला. धडधाकट इंजिन आयडलला पाऱ्याचे 17 ते 22 इंच दाखवतं; इथे काटा 13 च्या आसपास. ठिणगीचं टायमिंग मागे असलं तरी काटा असाच खाली बसतो, म्हणून ते आधी पाहिलं. बरोबर होतं. मग गॅस्केट, सांधे, नळ्यांची टोकं यांवर कार्बोरेटर क्लीनरचे छोटे फवारे मारले. (गरम इंजिनावर हे करताना आग विझवायची सोय हाताशी हवीच, बरेच जण ठेवत नाहीत.) फट असती तर रेस बदलली असती. हललीसुद्धा नाही.

"उस्ताद, मॅनिफोल्ड उतरवू या?" पोरगा म्हणाला.

थांब म्हटलं. पकडीच्या तोंडाला कापड गुंडाळून एकेक नळी दाबत गेलो. डिस्ट्रिब्युटरची दाबली, फरक नाही. ब्रेक बूस्टरची (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा डबा) जाड नळी दाबली आणि काटा सरळ 19 वर! सोडली, की पुन्हा तीच धाप.

नळी आणि तिचा व्हॉल्व्ह ठीक होते. मग ड्रायव्हरच्या पायाशी डोकं घालून आडवा झालो. पेडलच्या दांड्यापाशी बारीक सूऽऽ ऐकू येत होतं. कागदाची पट्टी धरली, ती दांड्याभोवतीच्या रबरी आवरणाला जाऊन चिकटली. हवा केबिनमधून आत जात होती. बॉनेटखाली फवारून ती सापडणार कशी?

मालकांना विचारलं, ब्रेक जड लागतो का? "लागतो, पण म्हटलं जुनी गाडी, असणारच."

बूस्टर बदलला, मिक्श्चर नव्याने जुळवलं. इंजिन बंद ठेवून पेडल बरेचदा दाबलं, उरलासुरला व्हॅक्यूम संपवला, मग पेडल दाबून धरून स्टार्टर मारला. पेडल पायाखाली थोडं खचलं. तसं खचायलाच हवं. मालकांनी डिकीतून आधी काढलेले प्लग आणून दाखवले. चांगले होते सगळे.