चुन्यातला मका, पुपूसा आणि शेजारच्या काकू

काल संध्याकाळी मी पहिल्यांदा एकटीने, म्हणजे शेजारच्या काकू बाजूला उभ्या नसताना, सोळा पुपूसा केल्या आणि एकही तव्यावर उकलली नाही, म्हणून आज लिहायला बसलेय. खूप दिवस मनात होतं पण नीट जमल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलेलं.

ज्यांनी खाल्ली नाहीये त्यांच्यासाठी सांगते, पुपूसा म्हणजे एल साल्वादोरची मक्याची भरलेली भाकरी. तळहाताएवढी, जाडसर, आत चीज किंवा बीन्स किंवा डुकराचं बारीक वाटलेलं मटण किंवा हे सगळं एकत्र, आणि सोबत कोबीचं आंबट कुर्तिदो आणि टोमॅटोचा पातळ सॉस. हातानेच खायची, काटा-चमचा घेतला तर साल्वादोरची माणसं मायेने पण लगेच टोकतात. तिकडचा हा राष्ट्रीय पदार्थ आहे, २००५ साली त्यांच्या विधिमंडळाने तसा ठरावच केला आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार पुपूसाचा दिवस म्हणून जाहीर केला.

आम्ही मेरीलँडमध्ये व्हीटनला राहतो. वॉशिंग्टनच्या या सगळ्या पट्ट्यात साल्वादोरची माणसं खूप, तिकडे १९८० ते १९९२ यादवी युद्ध चाललं तेव्हा जीव मुठीत धरून आलेली, त्यात देशाच्या पूर्वेकडची बरीच. आमच्या शेजारच्या काकू त्यातल्याच, ला उनिओन भागातल्या. त्यांना बिल्डिंगमधले सगळे साल्वादोरवाले नावाआधी 'नीन्या' लावून हाक मारतात, शब्दाचा अर्थ मुलगी, पण तिकडे मोठ्या बायकांना मानाने असंच म्हणतात, हे मला फार गोड वाटतं. मी मनात त्यांना काकूच म्हणते आणि त्या मला 'मीहा' म्हणतात, म्हणजे पोरी.

आता माझं काय चुकत होतं ते आधी सांगते, कारण भारतात बसून कोणी करायला गेलं तर नेमकं हेच होणार आहे.

मी शहाद्याची. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला मका भरपूर, लहानपणी हिवाळ्यात आजीच्या हातची मक्याची भाकरी आणि लसणाची चटणी खाऊनच मोठे झालो, त्यामुळे मला वाटलं मक्याचं पीठ ते मक्याचं पीठ. इंडियन स्टोअरमधून पिवळं पीठ आणलं, उकळतं पाणी घालून मळलं, गोळा केला, खोलगट वाटी करायला गेले तर कडेला भेगा. सारण भरून तोंड बंद केलं तर दुसरीकडून उकललं. थापलं तर तीन तुकडे. आजी म्हणायची तसं पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल म्हणून नवीन पाकीट आणलं, तरी तेच. शेवटी वाटीभर पीठ घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी चिमूटभर बोटांत चोळलं, हुंगलं, आणि मान हलवली. हा मासा नाही, म्हणाल्या. हा नुसता दळलेला मका.

मासा म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, आणि सगळी गोम इथेच आहे.

वाळलेला मका पाण्यात चुना घालून शिजवायचा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचा, सकाळी चोळून चोळून धुवायचा की वरची साल सुटून येते, मग ओलाच वाटायचा. याला निक्स्तामाल म्हणतात, नाहुआ भाषेतला शब्द, त्यातला पहिला भाग राखेवरून आलाय कारण चुन्याऐवजी लाकडाची राखही वापरायचे. चुन्याने मका आतून बदलतो. साल सुटते, दाण्यातला चिकट भाग मोकळा होतो आणि पीठ एकमेकाला धरून राहायला लागतं. गव्हात ग्लूटेन असतं तसं मक्यात काही नाही, म्हणून तर आपण भाकरीला उकळतं पाणी घालतो, त्याने स्टार्च थोडा शिजतो आणि भाकरी थापण्यापुरता चिकटपणा येतो. पण पोटात सारण घेऊन वाकायचं, मिटायचं आणि परत चपटं व्हायचं एवढी ताकद त्यात येत नाही. ती चुन्याने येते.

आणि एवढंच नाही. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व आपल्या शरीराला तसं मिळत नाही, ते बांधलेलं असतं, चुन्याने ते मोकळं होतं. युरोपातल्या लोकांनी अमेरिकेतून मका नेला पण चुन्याची रीत तिकडेच राहिली, आणि मग उत्तर इटलीत, नंतर अमेरिकेच्या दक्षिणेत, मक्यावरच जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा हा रोग झाला, त्वचा सोलून निघायची, डोकं भ्रमिष्ट व्हायचं, माणसं मरायची. ज्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी मक्याच्या भांड्यात चुना टाकला त्यांना नायसिन हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांची लेकरं त्यावर वाढली. हे वाचलं त्या दिवशी मी ते पीठ खूप वेळ हातात धरून बसले होते.

इथे हे तयार पीठ मिळतं, मासा आरीना म्हणतात, मासेकाचं पाकीट कुठल्याही लॅटिन दुकानात. पाकिटावर चुना लिहिलाय का बघायचं. अरेपा म्हणजे व्हेनेझुएला-कोलंबियाकडची मक्याची जाड भाकरी, तिच्यासाठीचं पीठ शेजारीच ठेवलेलं असतं, ते शिजवलेल्या मक्याचं पण बिनचुन्याचं, ते चालत नाही.

आता कृती, आणि सुरुवात कुर्तिदोपासून, कारण ते आदल्या दिवशी करायचं. शब्दाचा अर्थच मुरवलेलं. अर्धा मध्यम कोबी अगदी बारीक लांब चिरायचा, एक गाजर किसायचं, अर्धा कांदा पातळ उभा. कोबी-गाजरावर उकळतं पाणी ओतायचं, मिनिटभर ठेवायचं आणि लगेच चाळणीत काढून घट्ट निथळवायचं. एवढ्याने कोबीचा उग्रपणा जातो पण कुरकुरीतपणा राहतो, जास्त ठेवलं तर लिबलिबीत होतं, मग काही उपाय नाही. मग कांदा, अर्धा कप व्हिनेगर, पाव कप पाणी, चमचाभर मीठ, चमचाभर वाळलेला ओरेगॅनो हातावर चुरडून, आणि हवी तर हिरवी मिरची लांब चिरून. काचेच्या बरणीत दाबून भरायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. काकू पहिला अर्धा दिवस बाहेर ओट्यावर ठेवतात, त्या म्हणतात त्याने आंबटपणा गोल होतो, आणि त्यांची चव माझ्यापेक्षा चांगली लागते हे खरंय.

एक सांगते, मी एकदा त्यात मोहरी-हिंगाची फोडणी दिली होती, कोशिंबिरीसारखी. वाईट लागलं नाही पण ते कुर्तिदो राहिलं नाही. पुपूसा चीजने जड असते, तिला कापणारं काहीतरी लागतं, आणि फोडणीचं तेल ते काम बिघडवतं. तेल अजिबात नको.

सॉस सोपा, चार टोमॅटो, थोडा कांदा, लसूण, अर्धी ढोबळी मिरची उकडून मिक्सरला फिरवायची, मीठ घालून दहा मिनिटं उकळायची. तिखट नसतो, पातळ असतो.

सारण. आमच्याकडे बीन्स आणि चीजचं. तिकडे छोटे लाल बीन्स असतात, सेंट्रल अमेरिकन रेड बीन्स म्हणून पाकीट मिळतं, नसतील तर छोटा लाल राजमा चालेल. कुकरला मऊ शिजवायचे, मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटायचे आणि कढईत थोड्या तेलात कांदा लाल करून त्यात परतत राहायचं. किती वेळ, तर पुरणासारखं, उलथणं मध्ये उभं राहिलं पाहिजे. सारण सैल राहिलं तर पुपूसा फुटणारच, पीठ कितीही चांगलं असू दे, मासा आणल्यावरच्या माझ्या पहिल्या दोन वेळा यानेच गेल्या. चीज म्हणजे तिकडचं केसियो, मऊ आणि तार सुटणारं. मी मोझरेला किसून घेते आणि हाताने मळून त्याचा लगदा करते, किसाची टोकं राहिली तर ती पारीतून बाहेर येतात. पनीर नका घेऊ, ते वितळतच नाही. दोन कप बीन्सचं सारण आणि चारशे ग्रॅम चीज एकत्र मळून सोळा गोळ्या केल्या की आधीच झाकून ठेवायच्या.

लोरोको मिळाला तर चीजमध्ये नक्की घाला. एका वेलीच्या हिरव्या कळ्या असतात त्या, इथे फ्रोझन मिळतात, चव कशासारखी ते मला सांगता येत नाही, थोडी फुलाची, थोडी रानभाजीची. काकूंच्या हातात ते पाकीट आलं की त्या आधी नाकाशी नेतात.

पीठ. चार कप मासा आरीना, मीठ, तीन कप कोमट पाणी, आणि मग लागेल तसं अजून थोडं. आपल्या मनाने थांबलो असतो त्यापेक्षा जास्त ओलं पाहिजे, अगदी मऊ, मोदकाच्या उकडीपेक्षाही थोडं सैल. गोळा करून दाबून बघायचा, कडेला भेग पडली तर पाण्याचा हात. झाकून पंधरा मिनिटं ठेवायचं की पीठ पाणी पितं, मग परत बघायचं, बहुतेक अजून चमचाभर पाणी लागतं.

बाजूला वाटीत पाणी आणि त्यात थोडं तेल, हात त्यात बुडवत राहायचे. लिंबापेक्षा मोठा गोळा, साधारण ऐंशी ग्रॅम, अंगठ्याने खोल वाटी, सारणाची गोळी आत, आणि कडा वर ओढत तोंड बंद. वर जास्तीचं पीठ येतं ते चिमटीने काढून टाकायचं. इथपर्यंत पुरणपोळी करणाऱ्या कोणालाही जमेल. पण पुढे लाटणं नाही, परातही नाही. दोन तळव्यांच्या मध्ये टाळ्या वाजवल्यासारखं, या हातावरून त्या हातावर, प्रत्येक वेळी थोडं फिरवत, आणि बोटांनी कड आत ढकलत राहायची म्हणजे मध्ये जाड आणि कडेला पातळ असं होत नाही. काकूंच्या स्वयंपाकघरातून शनिवारी संध्याकाळी तो टप टप टप आवाज भिंतीतून यायचा आणि आमच्या घरात सगळ्यांना भूक लागायची. नऊ वर्षांच्या असल्यापासून त्या करतायत. मला ती लय पकडायला सहा-सात शनिवार लागले.

तवा बिडाचा, चांगला तापलेला, तेलाचा फक्त पुसता हात. एका बाजूला तीन-चार मिनिटं, काळपट ठिपके आले की उलटायची, झाली की मध्ये किंचित फुगते. कुठून तरी चीज बाहेर येऊन तव्यावर करपतं, तो कुरकुरीत भाग सगळ्यात छान, घाबरायचं नाही.

ओलोकुइल्ता नावाचं गाव आहे, सान साल्वादोरहून विमानतळाकडे जाताना लागतं, तिथे पुपूसा तांदळाच्या पिठाच्या करतात आणि त्यासाठीच गाव प्रसिद्ध आहे. कोकणातल्या मैत्रिणींनो, हे तुम्ही करून बघाच, तांदळाच्या उकडीवर तुमचा हात बसलेलाच आहे.

शाकाहारी लोकांना बाहेर खाताना एक विचारावं लागतं, बीन्स कशात परतलेत, कारण बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी वापरतात. 'रेवुएल्ता' लिहिलेलं असेल त्यात मटण असतंच. चीज-लोरोको किंवा चीज-भोपळा मागितलं की बरं.

आता काल एकटीने का केल्या ते. काकूंच्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, दीड महिना त्या हाताने काही थापायचं नाही. तीन शनिवार भिंतीतून आवाज आला नाही. मग काल मीच केल्या आणि गरम गरम आठ फडक्यात गुंडाळून, कुर्तिदोची बरणी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी डाव्या हाताने एक उचलली, उजेडात धरून कड बघितली, मागची बाजू बघितली, मग तोडली. चीजची तार निघाली. कुर्तिदो वर ठेवून पहिला घास खाल्ला आणि काहीच बोलल्या नाहीत, दुसरी घेतली. ती संपल्यावर म्हणाल्या की मीठ बरोबर आहे, आणि बरणी इथेच राहू दे.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं होतं. तिने शहाद्याला पांढरा मका घेतला, अर्धा किलोला पाच ग्रॅम म्हणजे साधारण चमचाभर खायचा चुना, पानवाल्याकडचा बिनवासाचा साधा, दीड लिटर पाण्यात स्टीलच्या पातेल्यात पाऊण तास उकळला, ॲल्युमिनियम नको हे मी तिला दोनदा बजावलेलं. रात्रभर ठेवून सकाळी पाच-सहा पाण्यांनी धुतला. मिक्सरला वाटताना पाणी जास्त पडलं आणि पीठ सैल झालं म्हणून तिने त्यात घरातलंच कोरडं मक्याचं पीठ मिसळलं आणि भरायच्या भानगडीत न पडता सरळ भाकरी थापली. आज सकाळी फोटो आलाय, कड कुठेही तुटलेली नाही, आणि खाली लिहिलंय की बाबांनी तीन खाल्ल्या, पुढच्या वेळी वेट ग्राइंडरवाल्या शेजारणीला सोबत घेते.