डिसेंबरातला लाँग रन: व्हॅक्सिन डेपो ते राजहंसगड आणि परत

मुंबईची फुल मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळं शेवटचा मोठा लाँग रन, म्हणजे सरावाचं लांब पल्ल्याचं पळणं, डिसेंबरअखेर उरकायलाच लागतो, आणि तिथल्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ दमलेल्या पायांनी चढायचाय तर नुसतं सपाटीवर पळून भागत नाही, म्हणून ह्या वेळी बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला धरला. माझ्या घड्याळात जाऊन येऊन 28 किमी भरले.

पहाटे सव्वापाचला बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोवरनं निघालो. गोवावेस, शहापूर, वडगाव, तोवर रस्त्याला लाईट आहेत. वडगाव सुटलं की एकदम गारठा अंगावर येतो. हा सगळा बेळगाव बासमतीचा पट्टा, भात कापून झालेलं, त्याच ओलीवर आता मसूर आणि हरभरा उगवलाय आणि वर धुकं बसलेलं, खरंच सांगतो, ह्या एका तुकड्यासाठी तरी एकदा पळाच. हेडलॅम्प पाहिजेच, उजव्या कडेनं पळा म्हणजे समोरनं येणारी गाडी दिसते. सुगी चालू असते त्यामुळं रस्त्यावर पिंजर (भाताचं काड) सांडलेलं असतं, दवानं ओलं झालं की पाय सटकतो. वेंगुर्ला रोड मी मुद्दाम टाळला, अंधारात उसाचे डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर नकोत.

पहिले 5 किमी एकदम हळू जा, शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील एवढंच. गारठ्यात पिंढऱ्या लवकर सुटत नाहीत आणि गार हवेत दम लागत नाही म्हणून स्पीड आपोआप वाढतो, तो आवरायचा.

येळ्ळूर ओलांडलं की चढ. डांबरी रस्ता वरपर्यंत जातो, पावलं छोटी टाका, मान खाली घालू नका. वर पोचलो तेव्हा 7 वाजायला आलेले, महाराजांच्या पुतळ्यामागं आभाळ लाल झालेलं, सिद्धेश्वराला हात जोडले आणि तिथंच चुकलो, पंधरा मिनिटं बसलो. गडावर वारं जबर असतं, घामानं भिजलेला टीशर्ट गार पडला, अंग आखडलं. कोरडा टीशर्ट पाठीवरच्या पिशवीत ठेवा, बदला, आणि पाच मिनिटांत उतरायला लागा.

दुसरी चूक पाण्याची. थंडीत तहानच लागत नाही, घाम लगेच वाळतो म्हणून कळतही नाही. अर्धा लिटरची बाटली नेलेली, त्यातली अर्धीसुद्धा संपली नव्हती, आणि 21 व्या किमीला येळ्ळूरच्या शिवारात उजव्या पिंढरीत असा गोळा आला की बांधावर बसलोच. मसुरात काम करणारे एक काका धावत आले, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दिला, म्हणाले, "बस की रे जरा, बेळगाव कुठं पळून चाललंय काय?" त्यांनीच पाय ताणून दिला. पुढचे 2 किमी चालत, मग हळूहळू पळत घरी. त्या काकांचे उपकार विसरणार नाही.

तेव्हा तहान असो नसो, दर वीस मिनिटांनी तीनचार घोट प्या, एका बाटलीत इलेक्ट्रॉल घाला, दोन केळी आणि चिक्की जवळ ठेवा. आणि सुटे पैसे असू देत, जाताना येळ्ळुरात सगळं बंद असतं पण परतताना चहाची टपरी उघडलेली असते.