आमची वाटचाल : ‘ग्रीनचं एक्स्ट्रा किती?’

२००९ ला मी आणि माझ्या मावसभावाने नाशकात सिव्हिलची छोटी फर्म काढली. ऑफिस म्हणजे काकांच्या पिठाच्या गिरणीवरची खोली, गिरणी चालू झाली की ड्रॉइंगवरची स्केल आपोआप सरकायची. कामं बंगले, रो हाऊस, वाढीव मजले अशीच.

ग्रीन बिल्डिंगचा, म्हणजे कमी वीज-पाणी लागणाऱ्या बांधकामाचा किडा डोक्यात हैदराबादला शिरला. तिथली सोहराबजी गोदरेज सेंटर ही ग्रीन इमारत बघायला गेलो होतो, २००४ ला राष्ट्रपती कलामांच्या हस्ते उद्घाटन झालेली. परत आल्यावर जो येईल त्याला तेच सांगत सुटलो आणि २०१३ ला एक रिटायर्ड सर खरंच तयार झाले. त्यांचा पहिला प्रश्न, साध्या घरापेक्षा ग्रीनचं एक्स्ट्रा किती? मी म्हटलं दहा टक्के. कुठून काढले दहा, देव जाणे, पण न अडखळता बोललो एवढं खरं.

त्यांच्या घराच्या भिंतींना रॅट ट्रॅप बॉन्ड, म्हणजे ‘उंदराच्या पिंजऱ्या’सारखी विटांची रचना करायचं ठरवलं. आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी केरळमध्ये रुजवलेली पद्धत, वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची, मध्ये पोकळी राहते, त्यामुळे विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात आणि भिंत कमी तापते. आपली गावठी वीट वाकडीतिकडी, तिच्यात हे बसत नाही, म्हणून कोळशाच्या राखेची घेतली, राख निघते ते एकलहऱ्याचं थर्मल वीज केंद्र जवळच. नऊ-चार-तीन इंचांची वीट, दोन बाजूंना तीन-तीन इंच आणि मध्ये तीन इंच पोकळ, नऊची भिंत बरोबर जमते. गवंडी मामा आधी म्हणाले हे काय उंदरांसाठी घर का, पण दोन दिवसांत हात बसला.

आणि मग आला इलेक्ट्रिशियन. मी साइटवर नव्हतो. त्याने नेहमीसारखा कटर लावून वायरच्या पाईपसाठी भिंतीत झिऱ्या (खाचा) मारल्या, छिन्नी बसली की वीट सरळ आत पोकळीत पडायची, संध्याकाळी बघतो तर हॉलच्या भिंतीला बोर्डाच्या जागी डोकं जाईल एवढी भगदाडं. पाईप कुठून जाणार हे बांधताना ठरवायचं असतं, ते मी कागदावर काढलंच नव्हतं, त्याला काय बोलणार! दोन भिंती उतरवल्या. विटांत वाचलेले पैसे तिथेच गेले आणि हा खर्च सरांच्या बिलात लावला नाही, म्हणून मावसभाऊ आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

त्यानंतर दहा टक्के म्हणणं बंद. आता एस्टिमेटमध्ये वेगवेगळं मांडतो. पश्चिमेला बेडरूमऐवजी जिना-बाथरूम, खिडकीवर पुरेसा छज्जा, समोरासमोर खिडक्या, याला जास्तीचा खर्च जवळपास शून्य, फक्त कॉलम उभे राहायच्या आत ठरवा. सोलरचे पैसे लागतातच, पण १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात आणि २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, लाइट बिल समोर ठेवून हिशोब करता येतो. पावसाच्या पाण्याचं म्हणाल तर १००० स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६५ हजार लिटर, थोडं वाया धरा. पण खाली काळा पाषाण असेल तर नुसता खड्डा खणून पाणी मुरत नाही, तिथे टाकी बांधा नाहीतर बोअरला फिल्टर लावून सोडा.

ग्रीन सर्टिफिकेटबद्दल विचारतात. गृहा, आयजीबीसी ही इमारतींना ग्रीन रेटिंग देणारी सर्टिफिकेटं चांगलीच आहेत, पण त्यावर राज्याच्या नियमावलीत मिळणारा ३, ५, ७ टक्के जास्तीचा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ती मर्यादा) बिल्डरच्या कामाचा, तुमच्या दोन मजली बंगल्याला त्याचं काय करायचं? आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीला रेटिंगची पाटी आहे आणि सांडपाण्याचा प्लांट बंद, कारण चालवायचा महिन्याचा खर्च फ्लॅट घेताना कुणी सांगितलाच नव्हता. मेंटेनन्सचा आकडा लिहून घ्या, बाकी ब्रोशर नंतर वाचा.

सर अजून त्याच घरात राहतात. एप्रिलमध्ये गेलो तर हॉलमध्ये फक्त पंखा चालू होता, त्या दुरुस्त केलेल्या भिंतीवर मात्र एक बारीक चीर आहे, त्यावर त्यांनी कॅलेंडर लावलंय. गवंडी मामा अजून आमच्याकडेच आहेत. नवा वायरमन साइटवर आला की चहाच्या आधी विचारतात, नकाशा आणलास का रे, नाहीतर कटर गाडीतच राहू दे.