मेलग्रुपचं स्थलांतर आणि पस्तीस रुपयांचं रिचार्ज

तुमचा एखादा जुना मेलग्रुप (एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्या सभासदांना जातो तो) अजून चालू असेल, तर त्याच्या मालकाच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाच्या नावावर आहे, ते आजच विचारून ठेवा. हसू नका. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपचे वीस वर्षांचे मेल या एका प्रश्नावर सव्वा महिना अडकले होते, आणि मला अजून मोबाइल कंपनीच्या गॅलरीतल्या टोकन मशीनची टिंग ऐकू आली की चिडायला होतं.

ग्रुप १९९९चा. काकांनी (वयानं मोठे असलेलेही त्यांना काकाच म्हणतात) तो वनलिस्ट नावाच्या, मेलग्रुप चालवणाऱ्या साइटवर सुरू केला. पुढे वनलिस्ट आणि तसलीच दुसरी साइट ईग्रुप्स एक झाले, २०००मध्ये ईग्रुप्स याहूनं घेतलं, आणि आमच्या पत्त्याला याहूग्रुप्सची शेपटी लागली. या दोन्ही वेळा आम्ही इकडची काडी तिकडे केली नव्हती. त्यामुळे १६ ऑक्टोबर २०१९ला याहूची सूचना आली, तेव्हा काकांचं पहिलं वाक्य होतं, "होईल आपोआप."

होणार नव्हतं. २८ ऑक्टोबरपासून नवं काही ठेवता येणार नव्हतं आणि १४ डिसेंबरला जुने मेल, फोटो, फायली सगळं पुसलं जाणार होतं. मेलची ये-जा तेवढी चालू राहणार होती. म्हणजे घर राहणार, माळा रिकामा. आणि आमचा सगळा जीव माळ्यावर. हरिश्चंद्रगडासाठी खुबी फाट्याला रात्री उतरलं तर पुढे काय करायचं, राजगडावर एप्रिलमध्ये कोणत्या टाक्यात पाणी असतं, अलंगच्या कातळात दोर कुठे बांधायचा, हे सगळं त्या मेलांत होतं. निम्मं रोमन लिपीतल्या मराठीत, काही 'शिवाजी' या जुन्या फॉन्टात, जे आता उघडलं की नुसते इंग्रजी अक्षरांचे खडे दिसतात. (ते मी अजून निस्तरतेय, त्याबद्दल आत्ता नको.)

"व्हॉट्सॲप ग्रुप काढा की" असं सांगणारे बारा जण लगेच निघाले. तेव्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपात २५६ माणसं मावायची, आमच्याकडे सहाशेच्या वर. शिवाय २००३चा मेल तिथे कसा शोधणार? शेवटी ग्रुप्स डॉट आयओ या मेलग्रुपच्याच दुसऱ्या साइटवर जायचं ठरलं. ते काढणारा मार्क फ्लेचर हाच वनलिस्टचाही मूळ कर्ता. हे कळल्यावर काकांना माहेरी निघाल्यासारखा आनंद झाला आणि वर्गणीचे पैसे त्यांनी एकट्यानं भरले.

पद्धत सोपी होती. नव्या जागेच्या यंत्रणेला जुन्या ग्रुपमध्ये मॉडरेटर करायचं, मग ती सभासद, मेल, फायली उचलून नेते. फक्त कोणाला मॉडरेटर करण्याचा अधिकार आमच्या ग्रुपात एकट्या मालकाला, म्हणजे काकांना होता. मला आणि दुसऱ्या मॉडरेटरला मेल मंजूर करण्यापलीकडे काही येत नव्हतं. वीस वर्षांत काकांकडे दुसरा मालक नेमायचं काम कोणी काढलंच नाही. मीही नाही.

काकांना पासवर्ड आठवत नव्हता. तो त्यांच्या जुन्या संगणकाला आठवत होता आणि संगणक भंगारात गेला होता. पासवर्ड बदलायचा तर कोड मोबाइलवर येणार. तो मोबाइल जुलैत एसटीत राहिला. नंतर काकांनी नवा फोन आणि नवा नंबरही घेतला, "जुना कशाला हवाय" म्हणून.

मग आम्ही दुसरं सिम काढायला मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेलो. कंपनीचं नाव घेत नाही. टोकन ६४, चालू होतं ३१. पाऊण तासानं नंबर सांगितला, काकांचं आधार दिलं. मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "सर, हा नंबर तुमच्या नावावर नाहीये."

तेव्हा कुठे काकांना आठवलं. २००५च्या अखेरीस ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' कार्डं निघाली होती, एकदा पैसे भरले की इनकमिंग जन्मभर चालू. डोंबिवलीच्या दादांनी, म्हणजे काकांच्या थोरल्या भावानं, दोन घेतली. एक स्वतःला, एक धाकट्याला, दोन्ही स्वतःच्या नावावर.

"मग त्यांना घेऊन या."

"ते २०१४ला गेले."

मुलगी वाईट नव्हती. तिनं सॉरी म्हटलं आणि मग यादी दिली: मृत्यूचा दाखला, कायदेशीर वारसाचे कागद, वारस स्वतः हजर. म्हणजे वहिनी. शेजारच्या काउंटरवरच्या पोराला मात्र माझ्या जन्मभराच्या शुभेच्छा. तो हळूच म्हणाला, "मॅडम, आधी बाहेरून पस्तीसचं रिचार्ज मारा, नाहीतर नंबरच जाईल." २०१८च्या शेवटी बऱ्याच कंपन्यांनी नंबर जिवंत ठेवायला २८ दिवसांना ३५ रुपये लावले होते, लाइफटाइमवाल्यांनाही. आमचं इनकमिंग बंद पडलेलं होतं. रिचार्ज कोणीही, कोणाच्याही नंबरवर मारू शकतं, सिम हातात नसलं तरी. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे पहिलं करा, कागद नंतर.

२१ तारखेला विधानसभेचं मतदान, मग दिवाळी. वहिनी म्हणाल्या, "भाऊबीज होऊ द्या." झाली. पुण्याहून पहाटे निघून डोंबिवली. तिथल्या गॅलरीत टोकन ४८. कंपनीकडच्या मूळ फॉर्मवर दादांचं नाव लायसन्सवरून घेतलेलं, नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. दाखल्यावर पूर्ण नाव. "हे दोघं एकच आहेत याचं ॲफिडेव्हिट लागेल." शंभराचा स्टॅम्पपेपर, नोटरी. नोटरी सुट्टीवर, सोमवारी बसणार. मी रजा टाकून आले होते, वहिनींनी पोहे केले, आम्ही परत.

पुढच्या खेपेला कागद घेतले गेले, "४८ तासांत होईल." चौथ्या दिवशी मेसेज, अर्ज नामंजूर. कारण फोटोवरची सही फोटोच्या बाहेर आली नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या वहिनी त्या अर्ध्या सहीसाठी पुन्हा रिक्षा करून गेल्या. मी फोनवर त्यांची माफी मागितली, तर म्हणाल्या, "अगं, ह्यांच्या नावाचं काहीतरी अजून चालू होतं हेच मला माहीत नव्हतं."

हे सगळं चालू असताना, वहिनींच्या दारात बसून, मला एक गोष्ट उशिरा सुचली. याहूकडे आपल्या डेटाची प्रत मालकच नाही, कोणताही सभासद मागू शकत होता. मी मागितली. झिप फाइलमध्ये मेल आले. नुसते मेल, पण हाताशी असले की झोप लागते. पुढे या अर्जाची मुदत ३१ जानेवारी २०२०पर्यंत वाढली, पण आमचं पित्त तोवर खवळून झालं होतं.

३० नोव्हेंबरला सिम चालू झालं. नंबर आता वहिनींच्या नावावर, सिम वहिनींच्या फोनात, फोन डोंबिवलीत. मी पुण्यातून कोड मागवला आणि वहिनींना फोन केला.

"कोड आलाय ना? सांगा."

"नाही सांगणार. बँकेतून बजावलंय, ओटीपी कोणालाही द्यायचा नाही."

"वहिनी, मी आहे. पोहे खाऊन गेले की नाही तुमच्याकडे?"

"आवाज काढतात म्हणे लोक."

कोडची वेळ संपली. दुसरा मागवला. काकांना फोनवर घेतलं. "वहिनी, मी." "भाऊजी? बरं, आपल्या परसातल्या विहिरीपाशी कसलं झाड होतं?" "बकुळीचं." मग कुठे आकडे मिळाले, तेही एकेक करून, चष्मा शोधून.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. पासवर्ड बदलला, यंत्रणेला आत घेतलं, रांग मोठी होती, ११ डिसेंबरला सगळं नव्या जागी दिसलं. काकांनी पहिला शोध घातला "टाकं" असा, आणि दहा मिनिटं कोणाशी बोलले नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. नव्या पत्त्यावरचे पहिले मेल बऱ्याच जणांच्या स्पॅममध्ये गेले, म्हणून हलवण्याआधीच जुन्या ग्रुपवरून सगळ्यांना नवा पत्ता जतन करायला सांगा. आणि मालक तीन करा, एक तरी चाळिशीच्या आतला. आमच्याकडे आता मी, काका आणि बदलापूरचा एक पोरगा आहे, जो १९९९ साली बालवाडीत होता.

नंबर वहिनींनी ठेवून घेतला. रिचार्ज त्यांचा नातू मारतो. त्यावरून रोज सकाळी पावणेसहाला मला गुलाबाच्या चित्राचं सुप्रभात येतं, आणि ते न चुकता काकांनाही जातं.