अपोलोचा संच, स्कायलॅबचे रॉकेट

रविवार, रात्र

सॅटर्न ५ या रॉकेटच्या मॉडेलचा १:१४४ प्रमाणातला प्लॅस्टिकचा संच डब्यावरच्या चित्राप्रमाणे अपोलो ११ म्हणून जोडायचा नाही, हे मी तो हाती आला तेव्हाच ठरवले होते. चंद्राकडे निघालेले सॅटर्न बहुतेक जण करतात. मला हवे आहे ते १४ मे १९७३ रोजी केनेडी अवकाश केंद्राच्या ३९-ए तळावर उभे असलेले, एसए-५१३ क्रमांकाचे सॅटर्न. त्याच्या माथ्यावर अंतराळवीरांची कुपी नव्हती. अमेरिकेचे पहिले अवकाश स्थानक, स्कायलॅब, तेथे बसवलेले होते. आमच्याकडे स्कायलॅब म्हटले की पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांना १९७९ चा जुलै आठवतो. ते आपल्या डोक्यावर पडेल अशी धास्ती तेव्हा गावोगावी होती, आणि ११ जुलैला त्याचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. ते पडले कसे हे सर्वांना ठाऊक आहे. उभे असताना ते कसे दिसत होते, हे मात्र मी अजून कोणाच्या घरी पाहिलेले नाही.

मूळ अपोलो-सॅटर्नची उंची ११०.६ मीटर, म्हणजे या प्रमाणात जवळजवळ ७७ सेंटिमीटर. स्कायलॅबचे रॉकेट १०१.७ मीटरचे, म्हणजे ७०.६ सेंटिमीटर. खालचे दोन टप्पे जवळपास तेच राहतात. तिसरा टप्पा बाहेरून ओळखीचा वाटतो, पण आतून तो रॉकेटचा टप्पा उरलेलाच नव्हता. त्याच्या हायड्रोजनच्या टाकीत अंतराळवीरांची राहण्याची आणि कामाची जागा केलेली होती आणि शेपटाला इंजिन नव्हते. म्हणून संचातले वरचे जे-२ इंजिन मी डब्यातच ठेवले आहे. निमुळत्या जोडभागाच्या आत ते तसेही कोणाला दिसले नसते, तरी नसलेले इंजिन चिकटवायला हात धजावला नाही.

खरा बदल आहे तो माथ्यावर. तेथे ६.६ मीटर व्यासाचे आणि सुमारे १७ मीटर लांबीचे आवरण होते, आणि त्याचे टोक दोन वेगवेगळ्या उतारांचे होते. प्रमाणात उतरवल्यावर व्यास ४५.८ मिलिमीटर येतो. एवढ्या मापाची नळी शोधायला सोलापुरात फार फिरावे लागत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेलच्या कारखान्यात कापड गुंडाळण्याच्या पुठ्ठ्याच्या नळ्या कोपऱ्यात पडलेल्या असतात, आणि मालकांनी पैसे न घेता हव्या तेवढ्या नेऊ दिल्या. त्यांतली एक बाहेरून ४४ मिलिमीटरची निघाली. तिच्यावर कार्डशीटचे वेढे देऊन मी ती मापात आणली. अशा नळीवर पुठ्ठ्याच्या पट्टीचा पिळाचा सांधा असतो आणि तो पातळ कागदाच्या वेढ्याखालूनही उमटतो, त्यामुळे वेढे देण्यापूर्वीच त्या सांध्यात पुट्टी भरून पॉलिश पेपरने घासावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर पांढऱ्या रंगाखाली तो सांधा पहिल्याच नजरेत दिसेल.

दोन उतारांचे टोक मी एका खरादीकडून सागवानी लाकडात करून घेतले. कागदावरचा नकाशा पाहून त्याने विचारले, "सर, हा कळस कोणत्या देवळाचा?" मी स्कायलॅबचा म्हणताच शेजारच्या बाकावर बसलेले त्याचे वडील हसले आणि म्हणाले, "ते पडलं तेव्हा आम्ही पोरं रात्रभर गच्चीवर होतो. बापानं दोनदा खाली ओढून नेलं, आम्ही दोनदा वर गेलो." त्यानंतर खरादीने कडा पुन्हा एकदा तासून दिली आणि त्या कामाची मजुरी घेतली नाही. कक्षेत पोहोचल्यावर हे आवरण चार उभ्या भागांत फुटून दूर झाले, म्हणून नळीवर नव्वद अंशांच्या अंतराने चार बारीक रेघा मी कटरच्या पाठीने ओढल्या आहेत.

रंगाविषयी मी थोडा हट्टी आहे. सॅटर्नच्या अनेक जुन्या संचांतल्या रंगसूचना ५००-एफ या चाचणीच्या सॅटर्नवरून घेतलेल्या आहेत. ते २५ मे १९६६ रोजी तळाकडे नेण्यात आले, पण ते उडण्यासाठी बांधलेलेच नव्हते. त्याच्या पहिल्या टप्प्यातील दोन टाक्यांमधल्या भागावर काळे पट्टे होते. उन्हात तो भाग आतून फार तापतो असे दिसल्यावर उडणाऱ्या यानांवर तो पांढरा ठेवला गेला. मे महिन्यात सोलापूरच्या पत्र्याखाली दुपार काढलेल्या माणसाला हे कारण समजावून सांगावे लागत नाही. माझ्या संचातली सूचनाही ५००-एफचीच निघाली, आणि तेथे मी काळा रंग लावलेला नाही. पहिल्या टप्प्याच्या पाच एफ-१ इंजिनांची नळकांडी संचात उघडी आहेत. उड्डाणाच्या वेळी त्यांवर उष्णतारोधक आवरण असे, म्हणून मी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून, पुन्हा सपाट करून त्यांवर गुंडाळली. फवारणीसाठी मात्र पहाटेचीच वेळ धरावी लागते. दहानंतर रंगाचे थेंब हवेतच सुकू लागतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

आज उरलेले काम सौर पंखांचे होते. स्थानकाचे दोन मोठे पंख घडी घालून दोन बाजूंना लांबट खोक्यांत बंद केलेले होते. ती खोकी मी फ्लेक्सबोर्डवाल्याकडून आणलेल्या सनबोर्डच्या पट्ट्यांची केली. हे करताना मॉडेल नेमक्या कोणत्या क्षणाचे, हा प्रश्न टाळता आला नाही. उड्डाणानंतर ६३ व्या सेकंदाच्या सुमारास उल्कांपासून रक्षण करणारे कवच वाऱ्याच्या दाबाने उपटले गेले. एक पंख सैल झाला आणि पुढे दुसरा टप्पा अलग होताना तुटून गेला. दुसरा धातूच्या पट्टीत अडकून बसला, तो पहिल्या पथकातल्या कॉनरॅड आणि कर्विन या अंतराळवीरांनी ७ जूनला यानाबाहेर जाऊन मोकळा केला. इतकेच नव्हे, पहिल्या दोन टप्प्यांमधले जे कडे गळून पडायला हवे होते, तेही पडले नाही. नंतर घडलेल्या या सगळ्या गोष्टींची खूण मॉडेलवर कोठेही नको, असे मी ठरवले. माझे सॅटर्न भारतातल्या घड्याळाप्रमाणे रात्री अकराच्या आधीचे आहे, दोन्ही पंख आणि कवच जागच्या जागी असलेले.

अपोलोची कुपी, तिचा सुटकेचा मनोरा आणि चांद्रयानाचे सुटे भाग उरले आहेत. स्कायलॅबवर गेलेली तिन्ही पथके सॅटर्न १-बी या लहान रॉकेटने गेली आणि त्यांच्या माथ्यावर तीच कुपी होती, म्हणून चांद्रयान सोडून बाकीचे त्या लहान रॉकेटच्या मॉडेलसाठी जपून ठेवतो.

दिवाणखान्यातल्या कपाटाचा कप्पा आतून ७२ सेंटिमीटर आहे. अपोलो त्यात मावलेच नसते. या सॅटर्नसाठी बैठक एक सेंटिमीटरहून जाड ठेवता येणार नाही, म्हणून सनमायका लावलेला प्लायचा सहा मिलिमीटरचा तुकडा उद्या कापून आणायचा आहे.