सोलापूरचा काळा कातळ आणि बेटांवरची धातुके

तुळजापूर रस्त्यावरून थोडे आत वळल्यावर लागणाऱ्या दगडखाणीत आम्ही पोहोचलो, तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. सोबतच्या भूशास्त्राच्या सरांनी कागदात गुंडाळलेला लोहचुंबक क्रशरखालच्या भुकटीतून फिरवला आणि कागदावर मिशा फुटाव्यात तसे मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे कण उभे राहिले. खाणीतल्या एका मामांनी विचारले, “सर, एवढं लोखंड हाय, तर काढत का न्हाईत?”

प्रश्न अगदी मर्माचा होता. या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, वजनाने सुमारे 10 टक्के लोह असते, परंतु सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी पृष्ठभागावर पसरलेला हा लाव्हा लवकर थिजल्यामुळे ते बारीक कणांत विखुरले आणि बरेचसे पायरॉक्सिन या खनिजात अडकून पडले. धातुक, म्हणजे धातू काढण्याजोगे खनिज, होण्यासाठी मूलद्रव्यांची निवड व्हावी लागते आणि निवडीला अवधी लागतो.

तो अवधी ज्वालामुखी बेटांच्या पोटात मिळतो. तेथे सोडियम-पोटॅशियम या अल्कलींनी समृद्ध शिलारस खोलवर सावकाश निवतो. ऑलिव्हीन, पायरॉक्सिन आणि मॅग्नेटाइट आधी स्फटिकरूप होतात. त्यांच्या स्फटिकजाळीत न मावणारी नायोबियम, झिर्कोनियम आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये उरलेल्या रसात साठत जातात. अल्कलींचे प्रमाण जास्त असेल, तर झिर्कोनियम बराच काळ विरघळलेलेच राहते आणि म्हणूनच अगदी शेवटच्या रसात ते एकवटते. मला सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट: इतर खनिजांनी नाकारलेले तेच पुढे मोलाचे ठरते.

दुपारी सरांच्या घरी कॅनरी बेटांपैकी फ्युर्तेव्हेंतुरा येथील कार्बोनेटाइटचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर सायनाइट या अल्कलीयुक्त खडकाच्या सोबतीने हा कॅल्साइटप्रधान अग्निज खडक उघडा पडलेला आहे. महासागरी बेटांवर तो फारच विरळा. पांढुरक्या कॅल्साइटमध्ये ॲपेटाइटच्या लांबट कांड्या होत्या आणि त्यांच्यालगत मधाच्या रंगाचा एक कण. सरांनी दुसरे ध्रुवक (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणारी गाळणी) आत सरकवताच तो काळा पडला. मी मंच पूर्ण फिरवला, शेजारचे कॅल्साइट उजळले-मावळले, तो मात्र काळाच राहिला. तो पायरोक्लोर होता, नायोबियमचे मुख्य धातुक.

आपल्या दख्खन ट्रॅपलाही असे अल्कली अंतर्वेशी (खालून घुसून थिजलेले) खडक लाभले आहेत, पण ते सोलापूरपासून दूर आहेत. गुजरातेत छोटा उदेपूरजवळच्या अंबाडोंगर येथे कार्बोनेटाइटसोबत फ्लोराइटचे मोठे साठे सापडले असून त्यांचे वय दख्खनच्या लाव्ह्याच्या जवळपासचेच आहे. आता पाहायचे ते अंबाडोंगर.