तुम्ही विचारलंत म्हणून: केयेनचे ब्रेक स्वस्तात कुठनं आणतो

"भावा, केयेनचे ब्रेक स्वस्तात कुठनं आणतोस?" हे मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. विचारणाऱ्याच्या दारात दहा-पंधरा वर्षांची पोर्शेची केयेन असते, नाहीतर ऑडीची क्यू७ किंवा फोक्सवॅगनची टुआरेग. हातात शोरूमचं कोटेशन आणि चेहरा उतरलेला. त्यामुळे सव्वादोन टनांची गाडी डिस्क कशा खाते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तुम्हाला दुकानाचं नाव हवं असतं. ते मी देत नाही, मग "लई शहाणा झालाय" असं तुम्ही एकमेकांत बोलता आणि तेही फिरून माझ्याच कानावर येतं. म्हणून एकदा बसून लिहितोय.

आधी कामाचं. माझी गाडी २००८ची केयेन एस. पुढची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, ३५० मिलिमीटरची, जाडी ३४. तिच्यावर पॅड दाबणारा कॅलिपर सहा पिस्टनचा. केयेन, टुआरेग आणि पहिल्या पिढीची क्यू७ या सख्ख्या बहिणी, तिघींच्या बॉड्या ब्रातिस्लाव्हात बनायच्या. त्यामुळे मोठ्या इंजिनाच्या टुआरेग-क्यू७चं ब्रेकचं बरंच सामान केयेनला चालतं, आणि नुसत्या डब्यावरचं नाव बदललं की भाव उतरतो. पण बरंच म्हणजे सगळं नाही. साध्या केयेनची पुढची डिस्क ३३० ची, २००७ नंतरच्या टर्बोची ३६८. तुम्ही काउंटरवर जाऊन "केयेनची डिस्क द्या" म्हणालात तर तो त्याच्याकडे असेल ती देणार. सर्व्हिस पुस्तकात चिकटवलेला स्टिकर बघा, त्यावर ब्रेकचा तीन अक्षर-आकड्यांचा कोड असतो. तो आणि चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढा, आणि मग तो नंबर टेक्स्टार, झिमरमन, ब्रेंबो या ब्रेकवाल्या कंपन्यांच्या मालात शोधा. परदेशातून मागवणार असाल तर पुढची एक डिस्क दहा किलोच्या वर भरते. कुरियर, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी मिळून स्वस्ताईची हवा निघते. मी मुंबईच्या एका आयात करणाऱ्याकडून पक्क्या बिलावर घेतो. बिल न देणाऱ्याकडून घेत नाही. झालं, एवढंच माझं गुपित.

"ब्रेंबो तर चाकणला बनतं की!" बनतं. मोटरसायकलचं.

"मग उद्यमनगरात ओतून घे." उद्यमनगर म्हणजे आमची कारखान्यांची वसाहत, हे कोल्हापूरकरच म्हणू शकतो. डिस्क ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाची असते आणि आपल्या गावात ग्रे आयर्न रोज ओततात, सगळं कबूल. पण दोन नगांसाठी पॅटर्न कोण बनवणार, आतल्या हवेच्या पोकळ्यांचा कोअर कोण बसवणार, आणि तापून तडा गेला तर मी कुणाच्या दारात उभा राहणार? हे मी आता म्हणतोय. २०१९ साली मीही उद्यमनगरातच गेलो होतो. ओतायला नाही, जुन्या डिस्क लेथवर घासून सपाट करायला.

शोरूमने पुढच्या डिस्क, पॅड आणि सेन्सर मिळून एक लाख ऐंशी हजार सांगितले होते. ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं. मी डिस्क काढल्या, जाडी मोजायला व्हर्नियर लावला, रीडिंग आलं ३३.४. डिस्कवर किमान जाडी ३२ कोरलेली असते. म्हटलं, अजून बरंच लोखंड शिल्लक आहे. व्हर्नियर कडेला लागतो हे मला ठाऊक नव्हतं, असं मी बरेच दिवस सांगत होतो. पॅड जिथे घासत नाही तिथे डिस्कला बाहेरून कड राहते, तिथली जाडी जवळजवळ मूळचीच असते. खरी जाडी मधे मायक्रोमीटरने मोजायची. हे मला ठाऊक होतं. मायक्रोमीटर आणायला शेजारच्या शेडमध्ये जावं लागलं असतं, एवढंच.

टर्नरने मोजलं. मधे ३२.३. कोरलेला आकडा त्याने बोटाने पुसून वाचला आणि विचारलं, "साहेब, बत्तीसच्या खाली जातंय, घेऊ का कट?" मी म्हणालो, "कंपनी जास्तच लिहिते हो, नवीन खपवायला." त्याने घेतला. दोन्ही डिस्क ३१.६ वर आल्या, आरशासारख्या लखलखीत. आठशे रुपये. पॅड एका डब्यातले, साडेचार हजारांचे. डबा ओळखीचा, छपाई जरा फिकी. ब्रेक ऑइल चार वर्षांपूर्वीचं. दर दोन वर्षांनी बदलतात हेही ठाऊक होतं. पण रंग बरा दिसत होता.

गावात गाडी लोण्यासारखी थांबायची. थरथर गेली. दोघा-तिघांना मी अभिमानाने सांगितलंसुद्धा: पाच हजार तीनशेत काम.

दिवाळीनंतर आईला गणपतीपुळ्याला घेऊन निघालो. पुढे ती, मागे बायको. मलकापूरपर्यंत मी गाडीचं कौतुक सांगत होतो. आंबा घाटात ऑटोमॅटिक गाडी डीमध्येच (ड्राइव्हमध्ये) ठेवली होती, गिअर खाली घेतला नाही. एवढे मोठे ब्रेक आहेत, वापरायला नकोत? चार-पाच वळणांनी वास यायला लागला. आई म्हणाली, पुढच्या ट्रकचा असेल. मी हो म्हणालो. मग पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर आणखी मऊ, आणि त्याच्या पुढच्या वळणावर ते खाली गेलं आणि तिथे काहीच नव्हतं.

नेमकं तेव्हा आई म्हणाली, "थांबव की रे जरा, मळमळतंय मला."

मी म्हणालो, "पुढे थांबवतो." अगदी साध्या आवाजात. तो आवाज कुठून आला मला माहीत नाही. लिव्हर बाजूला सारून तिसरा घेतला, मग दुसरा, इंजिन किंचाळलं. उजव्या पायाने पेडलला पंप मारत होतो, डाव्या पायाने पार्किंग ब्रेक. या गाडीत तोही पायानेच दाबायचा, आणि दाबला की अडकून बसतो, म्हणून डाव्या हाताने स्टिअरिंग आणि उजव्याने तो सोडायचा खटका ओढून धरलेला. आई परत म्हणाली, "अरे थांबव म्हणते ना!" मागून बायकोचा आवाज नाही. तिला कळलं होतं. डोंगर आमच्या डाव्या हाताला होता हे नशीब. डावी चाकं चरात घातली, गाडी खरडत खरडत थांबली. आई दार उघडून उतरली आणि ओकली. तोंड पुसून म्हणाली, "आधी थांबवायला काय झालं होतं तुला?"

चाकांतून धूर येत होता. मी बाटली घेऊन गेलो, तर मागून आलेल्या ट्रकचा क्लीनर ओरडला, "पाणी मारू नका, तडकेल!" आम्ही तास-दीड तास तिथेच बसलो. पेडल परत आलं. दुसऱ्या गिअरमध्ये साखरप्याला उतरलो.

आता तुम्ही विचाराल, चूक कशाची? डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये. पाणी धरलं की तीच हमी १५५ वर येते. माझं उकळलं, आत वाफेचे फुगे झाले आणि म्हणून पेडल खाली गेलं, हे नक्की. डिस्कच्या मधे पोकळी असते, खरं लोखंड दोन बाजूंच्या थरांत. तेच मी उतरवलं होतं, म्हणजे उष्णता साठवायला जागा कमी. पॅड काढले तर कडेने भुगा होत होते. आणि डीमध्ये घाट उतरणारा ड्रायव्हर. चौघांत कुणाचा वाटा किती, मला आजही सांगता येत नाही. कधी वाटतं ऑइल ताजं असतं तर बाकीचं खपून गेलं असतं. असं वाटणं हाच २०१९चा मी. तो अजून माझ्याशी भांडतो: शोरूमचा भाव लूटच होती की नाही? होती. नंतर मी त्याच मापाच्या डिस्क, पॅड आणि ऑइल सत्तर हजारांत बसवलं. म्हणजे तो अगदीच चूक नव्हता. त्याला सत्तर हजारही द्यायचे नव्हते, एवढाच फरक.

म्हणून दुकानाचं नाव विचारलंत की मला चिडचिड होते. त्या साडेचार हजारांच्या डब्यालाही एक दुकान होतं आणि त्याचं नाव मला एका मित्राने विश्वासाने सांगितलं होतं. तुम्ही जाडी मोजलीत का, ऑइल कधी बदललंत, असं मी उलट विचारतो तेव्हा ते भाव खाणं नसतं. बरं, थोडं असतं.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती पाहुण्यांना सांगते, एवढी मोठी गाडी, पण आईसाठी दोन मिनिटं थांबवली नाही. मी ऐकून घेतो.

गेल्या आठवड्यात मागच्या डिस्क मोजल्या, मायक्रोमीटरने, मधे. किमान २६, निघाली २६.३. पावसाळा झाला की बघू, असं बायकोला म्हणालो. ती काही बोलली नाही, भाजी चिरत राहिली.